मुरुमाच्या उतारावरून एकचाकी उतरवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला आहे ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही इंदूरचे, वजन ६८ किलो, २० इंची युनिसायकल, १२५ मिलिमीटरची क्रँक (पॅडल चाकाला जोडणारा दांडा), ब्रेक नाही. सपाट रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर न उतरता जाता. चोरलच्या बाजूला मुरुमाच्या उतारावर मात्र दहा-पंधरा फुटांतच पडता, कधी तोंडावर, कधी पाठीवर. तुम्ही विचारलंय की मांड्यांची ताकद कशी वाढवावी, ब्रेक बसवावा का, आणि मोठ्या चाकाची एकचाकी घ्यावी का.

ब्रेकचं आणि चाकाचं पुढे सांगतो. मांड्यांबद्दल आत्ताच सांगून टाकतो: ज्याला सपाटीवर तीन किलोमीटर जाता येतं त्याच्या मांड्या या उतारासाठी पुरेशा आहेत. अडचण आहे ती जोर कमी पडण्याची नाही, जोर तुकड्या-तुकड्यांत पडण्याची आहे. सुट्या जमिनीला सारखी ओढ सोसते, झटका सोसत नाही.

हिशोब करून बघू. युनिसायकलला फ्रीव्हील नसतं, चाक फिरलं की पॅडल फिरणारच. त्यामुळे उतारावर वेग आवरायचा तर मागच्या बाजूने वर येणाऱ्या पॅडलवर पायाने दाब द्यावा लागतो. तुम्ही आणि एकचाकी मिळून ७५ किलो धरा. १५ अंशांच्या उतारावर त्यातला २६ टक्के भार खालच्या दिशेला ओढतो, म्हणजे साडेएकोणीस किलो. तुमच्या चाकाची त्रिज्या टायरसकट २५ सेंटिमीटर आणि क्रँक साडेबारा, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून पॅडलवर सरासरी ३९ किलोचा दाब हवा. पण पाय सरासरीने दाब देत नाही. क्रँक आडवी असते तेव्हा दाब पुरा लागू पडतो, उभी असते तेव्हा नुसता खाली दिलेला दाब वाया जातो. ती तूट भरून काढायला आडव्या क्रँकवर दीडपटीहून थोडा जास्त, ६१ किलोच्या घरातला दाब द्यावा लागतो. तुमचं वजनच ६८. म्हणजे चाकाच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला तुम्ही जवळजवळ सीटवरून उठून एका पॅडलवर उभे राहता, आणि पुढच्या क्षणी परत सीटवर बसता. टायरच्या वाट्यालाही हेच येतं: एका क्षणी काहीच नाही, दुसऱ्या क्षणी दीडपट.

तुमचं दोन्हीकडे पडणं यातूनच येतं. झटका आला आणि खाली जमीन घट्ट असली, तर चाक अडतं, अंगाचा वेग तसाच राहतो आणि तुम्ही पुढे जाता. झटका आला आणि खाली सुटे खडे असले, तर टायर सुटतो, चाक खाली निसटतं आणि तुम्ही मागे बसता. त्यामुळे ‘पुढे पडलो म्हणून आता मागे झुकतो’ असं केलंत तर पुढचं पडणं पाठीवर होईल, एवढाच फरक. झुकण्याआधी झटका कमी करायला हवा.

हे खरं की नाही ते तुमच्याच चाकाची खूण सांगेल. एकदा उतरून झाल्यावर वर चालत या आणि मुरुमावर उमटलेला पट्टा बसून नीट बघा. जिथे चाक नुसतं फिरलंय तिथे टायरच्या गुंड्यांची नक्षी स्वच्छ उठलेली असते. जिथे घसरलंय तिथे नक्षी पुसलेली असते, बारीक खडे पुढे ढकलून त्यांची छोटी कड झालेली असते आणि खालची गुळगुळीत कडक जमीन उघडी पडलेली असते. आता टेप घेऊन एका पुसट डागापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. २० इंची चाकाचा घेर साधारण १५८ सेंटिमीटर. डाग ७९-८० सेंटिमीटरवर पडत असतील तर दोन्ही पाय सारखाच झटका देताहेत. १५८ वर पडत असतील तर एकच पाय देतोय, बहुतेक तुमचा जोरदार पाय, आणि मग सरावही त्याच्यासाठीच करायचा. डाग कसेही, कुठेही पडले असतील तर दोष पायांचा नाही, वाट चुकीची निवडली जातेय. कानालाही फरक कळतो. झटक्याने उतरणाऱ्याचा आवाज ‘खर्र… खर्र… खर्र’ असा तुटक येतो, नीट उतरणाऱ्याचा एकसंध ‘सर्रर्र’. शिकवताना मी उतरणाऱ्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐकतो, चूक लवकर सापडते.

आता पाय. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. तुम्ही उजवीकडे निघाला आहात, उजवा पाय बघणाऱ्याच्या बाजूला. बारा म्हणजे वर, तीन म्हणजे पुढे, सहा म्हणजे तळ, नऊ म्हणजे मागे. बहुतेक जण नवावर एकदम दाब टाकतात, कारण तिथे तो सोपा वाटतो. तसं न करता साताच्या सुमाराला हलका दाब सुरू करा, आठ ते दहा तो धरून ठेवा आणि अकराला सोडून द्या. तोवर दुसरा पाय पाचाच्या पुढे आलेला असतो, त्याने सुरुवात करायची. राहिली मधली पोकळी, म्हणजे क्रँक उभी असतानाची. तिथे खाली दाबून उपयोग नाही. तिथे तळाचा पाय किंचित पुढे रेटायचा, कारण तळाशी पॅडल मागे जात असतं, आणि वरचा पाय किंचित मागे ओढायचा, कारण वर ते पुढे जात असतं. सुरुवातीला ही हालचाल घोट्यात जाणवते, गुडघ्यात नाही. तळव्याला पकड नसेल तर ती जमतच नाही, म्हणून पॅडल लोखंडी खिळ्यांचं आणि बुटाचा तळ सपाट, रबरी हवा. धावण्याचे उंच, मऊ तळाचे बूट इथे नकोत. सपाटीवर आपण चवड्याने पॅडल मारतो, उतारावर पाय बोटभर पुढे सरकवा, म्हणजे पॅडल चवड्याच्या मागे, तळव्याच्या मध्याजवळ येईल. पोटरी कमी थकते आणि खडा लागून धक्का बसला तरी पाय पॅडलवरून उडत नाही.

अंगाची ठेवण. उतारावर चाक जमिनीला टेकतं ती जागा एक्सलच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या आसाच्या, बरोबर खाली नसते, ती थोडी मागे, चढाच्या बाजूला असते. तुमच्या चाकासाठी १५ अंशांवर हे अंतर साडेसहा सेंटिमीटर येतं, २० अंशांवर साडेआठ. तोल सांभाळायचा तर अंगाचा भार त्या टेकणाऱ्या जागेवर हवा, एक्सलवर नाही. म्हणून कंबर सहा-सात सेंटिमीटर मागे, म्हणजे साधारण चार बोटं. एवढंच. ‘मागे झुका’ हा सल्ला ऐकून लोक खांदे मागे टाकतात आणि चाक पुढे पळतं. खांदे सीटच्या वर राहू द्या, कंबरेतून मागे जा, गुडघे थोडे वाकलेले असू द्या. सीट सपाटीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. तिचं टोक किंचित वर असलं तर शरीर पुढे सरकत नाही.

एक हात सीटच्या पुढच्या मुठीवर असलाच पाहिजे. दोन्ही हात हवेत पसरून उतरणं दिसायला छान दिसतं, पण मग सीट मांड्यांमधून निसटते आणि पायांचा झटका थेट धडात जातो. मूठ वर ओढून धरा, म्हणजे तुम्ही सीटला घट्ट चिकटता आणि दाब पायातून सारखा जातो. दुसरा हात तोलासाठी मोकळा. नजर चाकावर नको, तीन-चार मीटर पुढे. जवळचं आधीच बघून झालेलं असतं, आता त्याचं काही करता येत नाही.

ब्रेककडे येऊ. १० ते १२ अंशांच्या पुढे आणि तेही सुट्या जमिनीवर जायचं असेल तर ब्रेक घ्या. वेगासाठी नाही, सारखेपणासाठी. ब्रेकला बारा आणि नऊ कळत नाहीत, तो चाकाच्या पूर्ण फेरीत एकाच मापाने धरतो. पाय कितीही सुधारला तरी हे त्याला जमत नाही.

ब्रेक वापरायची पद्धत मात्र दुचाकीसारखी नाही. लिव्हर सीटच्या मुठीखाली असते, एका बोटाने दाबायची. उतार सुरू होण्याच्या दोन मीटर आधी, सपाटीवरच, ती हळूच ओढा. इतकी ओढा की चाक थांबायला बघेल आणि ते चालवत ठेवायला तुम्हाला पुढे पॅडल मारावं लागेल. आता उतारात शिरा. उतार खाली ओढतो, ब्रेक धरतो आणि तुमच्या पायांना सपाटीवर लागतो तेवढाच हलका पुढचा दाब उरतो. पायांना ही भाषा आधीपासून येते. सीटवरचं वजन सीटवरच राहतं. वेग वाढवायचा तर बोट केसभर सैल, कमी करायचा तर पायाचा पुढचा दाब कमी. बोटाने सावकाश, पायाने बारीक. उतार मध्येच बदलला तर बोट बदला. उतारात शिरल्यावर घाबरून पहिल्यांदा ब्रेक दाबला तर मात्र चाक जागच्या जागी अडतं आणि तुम्ही सरळ पुढे जाता. ब्रेकवाल्यांचे वाईट अपघात बहुतेक असेच होतात.

आधी आठ-दहा दिवस हे फक्त सपाटीवर करा: ब्रेक ओढून शंभर मीटर पॅडल मारायचं, ओढ मध्ये कमी-जास्त करायची, वेग बदलू द्यायचा नाही. जांघा दुखतील, दुखू द्या.

रिम ब्रेक आणि डिस्क ब्रेक यांत, आपल्याकडची धूळ बघता, मी डिस्क घ्यायला सांगेन. मुरुमाची लाल पूड रिमवर बसली की रबरी गुटका कधी सरकतो, कधी एकदम चावतो, आणि आपल्याला नेमका तो चावाच नको आहे. लांब उतारानंतर डिस्कला हात लावू नका, भाजेल. तुमच्या साध्या २० इंचीच्या फ्रेमवर ब्रेक बसवायची जागा नसेल तर लोहाराकडून पट्टी वेल्ड करून घेऊ नका. पातळ नळी वेल्डच्या कडेला तडकते आणि ती उतारावरच तडकते. त्यापेक्षा १० अंशांच्या आत राहून पाय घडवा आणि पुढची एकचाकी ब्रेकसकट घ्या.

ती पुढची कोणती, हे तुम्ही कुठे चालवणार त्यावर आहे. डोंगरासाठी जगभर २४ इंची चाक आणि ३ इंच रुंद टायर ही जुनी, भरवशाची जोडी. आता २६ आणि २७.५ इंचीही बरेच चालवतात. मोठं चाक मुठीएवढ्या दगडावरून सहज जातं, लहान चाक त्याच दगडाला अडतं. पण मोठ्या चाकाने उतार सोपा होतो असं मानू नका. ३ इंची टायर लावलेल्या २४ इंची चाकाची त्रिज्या सव्वाबत्तीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. तिला १५० मिलिमीटरची क्रँक लावली तर तुमच्या आत्ताच्या २० इंची आणि १२५ च्या जोडीपेक्षा पायाला जास्त दाब द्यावा लागतो, कमी नाही. तेवढीच सोय हवी तर १६५ ची क्रँक लागते. तेव्हा २४ इंची घ्यायची ती रुंद टायर आणि ब्रेक यांच्यासाठी. तुमची २० इंची शिकायला चांगली आहे. दगडांचा उतार टाळा आणि बारीक मुरुमावर शिका.

टायरमधली हवा. इथे एक-दोन आकड्यांनी फरक पडतो. ३ इंची टायर आणि तुमचं वजन असेल तर १५ ते १८ पीएसआयमध्ये सुरुवात करा. दोन इंची टायरला २५ च्या आसपास लागेल. सीटवर बसून पायरीएवढ्या उंचीवरून उतरा, रिम जमिनीला लागल्याचा ‘टक’ आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. नाही आला तर एकेक कमी करत जा. कमी हवेने टायर पसरतो, खड्यांना गुंडाळतो, पकड वाढते. फार कमी झाली तर तिरक्या जमिनीवर चाक आपोआप एका बाजूला वळायला लागतं आणि ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकं पडतात. पंक्चरच्या दुकानातल्या पंपाचा काटा मोटारसायकलच्या दाबासाठी असतो, २० च्या खाली त्याच्यावर विसंबू नका. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. आणि ट्यूबमध्ये सीलंट टाकून ठेवा. इथे गोखरू आणि बाभळीचे काटे पावसाळा सरला की सगळीकडे असतात.

जमिनीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धं उतरणं वाट निवडण्यात असतं आणि ‘मुरूम’ या एका शब्दात आपल्याकडे बऱ्याच गोष्टी येतात. माळव्याचं पठार काळ्या बसाल्ट खडकाचं. तो झिजला की मुरूम होतो, आणखी झिजला की काळी माती. विंध्याची धार जिथे नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते, सिमरोल, चोरल, पातालपाणी, जानापाव या पट्ट्यात, एकाच उतारावर हे सगळे थर शंभर मीटरमध्ये भेटतात.

सगळ्यात फसवा म्हणजे कडक जमिनीवर पसरलेला हरभऱ्याएवढा, गोल झालेला मुरूम. दिसायला निरुपद्रवी, पण खडे गोट्यांसारखे फिरतात. रस्ता खराब झाला की टाकतात ती टोकेरी खडी, जिला आपण इंदूरात गिट्टीच म्हणतो, ती एकमेकींत अडकते आणि तुलनेने पकड देते. गोल मुरुमावर पाण्याने धुतलेला ओहोळ शोधा. त्याच्या तळात खडे वाहून गेलेले असतात, उघडी जमीन मिळते. बैलगाडी किंवा ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या कडेपेक्षा चाकोरीचा तळ बरा, पण वळणावर खडे चाकोरीच्या बाहेरच्या बाजूला साठतात, तिथे मध्ये जा.

दुसरा प्रकार म्हणजे खोल सुटा मुरूम, चार बोटं टायर रुतेल असा. इथे घसरत नाही, अडतं. वरून आलेला वेग तिथे एकदम खातो आणि माणूस पुढे जातो. त्यात शिरण्याआधी ब्रेक सोडा, पुढे पॅडल मारा, एरवीपेक्षा थोडा जास्त वेग ठेवा. मुठीएवढे सुटे दगड असतील तर त्यांच्या कडेवर चाक घालू नका, दगड फिरतो आणि चाक आडवं निसटतं. एकतर पूर्ण टाळा, नाहीतर बरोबर मध्यावर जा. दगडावर चढताना क्रँक आडवी आणि दाब दोन्ही पायांवर असू द्या.

तिसरा सागाच्या पानांचा. फेब्रुवारी ते मे चोरलच्या जंगलात वाळकी पानं घोट्यापर्यंत साचतात. पानं घसरतातच, पण खरा धोका त्यांच्या खालचा दगड दिसत नाही हा. आधी चालत खाली जा, काठीने चाचपून या, मगच चाकावर बसा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि ढेकळं होतात, तिथे जाऊ नका. पावसाळ्यात ती टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत भरून चाकच अडवते, तेव्हा तर मुळीच नको.

सगळ्यात चांगले दिवस म्हणजे पहिल्या एक-दोन चांगल्या पावसानंतर उघडीप पडते ते, आणि मग सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरल्यावरचे दोन-तीन आठवडे. मुरुमात ओल असते, खडे एकमेकांना धरून असतात. तोच उतार मेमध्ये दुप्पट अवघड होतो. तुम्ही कुठल्या महिन्यात पडलात ते लिहिलं नाही, पण उन्हाळा असेल तर निम्मं उत्तर तेच. जागा निवडताना दोन गोष्टी: रालामंडळ हे अभयारण्य आहे, तिथे ठरलेली वाट सोडून चाक घालू नका. आणि पातालपाणीच्या दरीच्या कडेला, कितीही मोहाचा उतार दिसला तरी, हा सराव करू नका.

वाट ठरवली की शक्यतो सरळ खाली या, उतार आडवा कापू नका. आडवं गेल्यावर उतार कमी झाल्यासारखा वाटतो, पण टायर बाजूला घसरायला लागतो आणि बाजूची घसरण युनिसायकलवर सावरता येत नाही. पुढची घसरण सावरता येते. वळायचं असेल तर जिथे जमीन सपाट होते किंवा खडक उघडा आहे तिथे वळा, आणि वळण कंबरेने घ्या, हात फिरवून नाही.

टायर वीतभर घसरला तर घाबरू नका, तेवढं रोजचं आहे. आपोआप होणारी चूक म्हणजे घसरलं की आणखी जोरात धरणं. उलट करा: दाब किंवा ब्रेक एक क्षण सैल सोडा. फिरणाऱ्या चाकाला जमिनीची पकड जास्त मिळते, फरफटणाऱ्याला कमी. चाक फिरू लागलं की परत हळूच धरा. वरचं अंग स्थिर असेल तर हे सगळं अर्ध्या फेरीत संपतं.

वेग किती? चालण्याचा. ताशी पाच किलोमीटरला तुमचं २० इंची चाक मिनिटाला ५०-५५ फेऱ्या घेतं, एवढ्यात पायाला विचार करायला वेळ मिळतो. दहावर गेलात तर शंभराच्या वर फेऱ्या होतात आणि चूक सुधारायच्या आत पुढची अर्धी फेरी झालेली असते.

पडणं वेगळं शिकावं लागतं. वेग कमी असेल तर मागून उतरा: मूठ सोडू नका, एक पाय मागे चढाच्या बाजूला टाका, एकचाकी पुढे जाऊ द्या आणि हाताने धरा. मागची जमीन तुमच्या जवळ असते, म्हणून हे उतरणं लहान असतं. पुढे पडलात तर पाय खूप खाली टेकतात, दोन-तीन पावलं पळावंच लागतं, तिथे एकदम थांबायचा प्रयत्न केला की मनगट आणि गुडघा जातो. दोन्ही प्रकार आधी गवतावर वीस-वीस वेळा मुद्दाम करा. आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग संघटनेच्या डोंगरी शर्यतींच्या नियमांत बूट, गुडघ्याचं संरक्षण, हातमोजे किंवा मनगटाचं संरक्षण आणि हेल्मेट सक्तीचं आहे. मी त्यात नडगी आणि पोटरी दोन्ही झाकणारा पट्टा घालतो. पाय सुटला की खिळ्यांचं पॅडल फिरून पहिल्यांदा तिथेच लागतं.

सरावाचा क्रम असा लावा. उताराचा कोन अंदाजाने ठरवू नका. एक मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून लेव्हलच्या अॅपमध्ये अंश वाचा. डोळ्यांना १५ अंश नेहमी २५ वाटतात. आधी पाच-सहा अंशांचा, बारीक मुरुमाचा, खाली किमान १५ मीटर सपाट मोकळीक असलेला उतार शोधा. वरून सुरुवात करू नका. तळापासून तीन मीटर वर जा, तिथून उतरा. ते दहापैकी आठ वेळा जमलं की सहा मीटर, मग दहा. पूर्ण उतार जमला की कोन दोन अंशांनी वाढवा आणि परत तळापासून तीन मीटर. एका वेळी वीस-पंचवीस उतरणी पुरे. पाय थकला की झटका परत येतो आणि तुम्ही चुकीचीच सवय पक्की करता. खेड्याजवळ असाल तर पोरं बघायला जमतातच. त्यांना प्रेमाने वर, तुमच्या मागे उभं करा, खालच्या मोकळ्या जागेत कुणीही नको.

उतारावर तोंड खाली करून चढून बसायला जाऊ नका. एकचाकी उताराला आडवी धरा, चढाकडचा पाय जमिनीवर, चढून बसा, अर्धी फेरी आडवं जा आणि मग खाली वळा. झाड किंवा सोबत्याचा खांदा असेल तर अजून सोपं.

निघण्याआधी पाना लावायच्या जागा तीन. चौकोनी एक्सलवरच्या क्रँकचे बोल्ट, कारण उतारावर जोर उलट्या दिशेने येतो आणि क्रँक लवकर सैल होते. सैल क्रँकवर एक उतार जरी केलात तरी तिचं चौकोनी भोक गोल होतं आणि मग ती कितीही आवळली तरी धरत नाही. दुसरं सीटच्या दांड्याचा क्लॅम्प. तिसरं बेअरिंगच्या टोप्या, त्या मात्र ताकद लावून आवळू नका, चाक उचलून फिरवल्यावर मोकळं फिरलं पाहिजे. आणि ‘L’ लिहिलेलं पॅडल डाव्याच पायाखाली आहे ना ते बघा. त्याचे आटे उलटे असतात. चाक उलटं बसवलेली एकचाकी बऱ्याचदा दिसते, तिचं पॅडल चालवता चालवता स्वतःच उघडत जातं.

पुढच्या वेळी उतरून झालं की तीन आकडे लिहून कळवा: उताराचे अंश, टायरमधली हवा आणि पुसट डागांमधलं अंतर. जमलं तर मोबाइल खिशात ठेवून आवाजही टिपा. पायाला वळण लावायचं की वाट बदलायची, ते त्यावरून सांगता येईल.